एका बोटीची फ्लीट

— हसताय काय, पेंटर? धक्क्यावर एकच बोट बांधलीय हे मलाही दिसतं, डोळे शाबूत आहेत अजून. तरी बोर्डावर 'फ्लीट' पुन्हा रंगवायचं का, हेच विचारायचंय ना? विचारा की. सगळे विचारतात. — शिडी नीट टेकवा, खाली निसरडं आहे. — हा शब्द माझ्या मुलीनं काढला, शाळेत शिकवते ती. तेव्हा चार बोटी होत्या — दोन माझ्या, दोन धाकट्या भावाच्या. मी म्हटलं, ताफा लिही की सरळ. तर म्हणे, बाबा, फ्लीट भारदस्त वाटतं. आणि चार बोटी नुसत्या शेजारी बांधल्या म्हणून फ्लीट होत नाही — एकाच्या हुकमानं निघायचं, एकाच्याच हुकमानं परतायचं, तेव्हा ती फ्लीट. हुकूम कुणाचा? माझा. थोरला ना मी! आणि आमचा नियम होता — थोरल्याची बोट सगळ्यात शेवटी धक्क्याला लागायची. तिघी आत आल्या, मोजल्या, की मग मी.

मग काय झालं? काय व्हायचंय — वारा सुटला. धाकट्याचं इंजिन बंद पडलं. आणि पहिला आत आलो मी. वायरलेस बिघडला होता माझा, कळलंच नाही — चार वर्षं हेच सांगतोय सगळ्यांना, बायकोलासुद्धा. त्याला दुसऱ्या दिवशी परक्या बोटीनं दोर टाकून ओढत आणलं. जिवंत आला, हो, धडधाकट आला. पण आपल्या दोन्ही बोटी सोडल्या आणि पलीकडच्या धक्क्याला नेऊन बांधल्या. माझी दुसरी मी विकून टाकली, कुणाच्या जिवावर चालवू? रोज समोरून जातो तो. बोर्ड दिसतो त्याला. म्हणून तर शब्द पुसला नाही — वाटतं, वाचेल, वळेल. आणि वळला तर त्याला कुठलं तोंड दाखवू? 'दादा, इंजिन गेलं, थांब' — तीनदा म्हणाला. तीनदा. मी वायरलेसचा आवाज बारीक केला, आणि —

काय बघताय? वायरलेस बिघडला होता म्हणालो ना मघाशी…

घाबरलो होतो हो. फार घाबरलो होतो. आता दमलोय.

उतरा खाली. रंगाचा डबा झाका. ती खरवडायची पट्टी द्या इकडे — नको, तुम्ही नको, तो शब्द मीच काढतो. तुम्ही जा. जा म्हणतो ना.