या गोधडीखाली झोप लागेल का?

नलूकाकू, सोसायटीतले सगळे शेजारी, आणि आमच्या गोधडीच्या गटातल्या मैत्रिणींनो,

तुम्ही हातातली कामं टाकून आलात. खुर्च्या कमी पडल्यात, मागे काही जण उभे आहेत, त्यांची माफी मागते. काय बोलायचं ते मी सकाळी घरी ठरवून आले होते. इथे उभी राहिले आणि सगळं विसरले. मला भांडायला जमतं, भाषण जमत नाही, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. ज्यांच्यासाठी आज आपण जमलोय त्या प्रभाकरकाकांना तर फारच चांगलं माहीत होतं. म्हणून मी आमच्या भांडणाबद्दलच बोलते. तेवढं निभावेल.

मी हेमा. माहेर वारज्याचं, सासर इथलं कोथरूडचं. आम्ही काही बायका मिळून गोधड्या शिवतो आणि दर वर्षी याच हॉलमध्ये प्रदर्शन भरवतो. काका विमा कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. आयुष्यात सुईत दोरा ओवला नाही. शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट तसाच काकूंच्या पुढ्यात. खरं ना, काकू? बघा, हसल्या.

पण बघायला बसले की काका म्हणजे काका!

आपले लोक प्रदर्शन कसं बघतात? दारातच म्हणतात, "अय्या, किती सुंदर!" मग गोधडीकडे पाठ करून उभे राहतात आणि सेल्फी काढतात. मग विचारतात, वॉशिंग मशीनमध्ये चालेल का? मग विचारतात, चहा कुठे आहे? झालं प्रदर्शन.

काका दार उघडायच्या आधी बाहेर उभे असायचे. आत आले की आधी दारातूनच बघायचे, हात मागे बांधून. लांबून. म्हणायचे, रंग लांबूनच कळतात, जवळ गेलं की नुसती चिंध्यांची गर्दी. मग जवळ यायचे. मान अशी वाकडी करायचे की नजर कापडावरून आडवी जावी, टाक्यांच्या बारीक लाटा उजेडात दिसाव्यात. आणि मग आमची "कृपया हात लावू नये" ही पाटी मोठ्याने वाचून दाखवायचे आणि लगेच म्हणायचे, "जरा उलटी करता का?"

उलटी! आम्ही महिनोन्महिने खपून समोरची बाजू सजवायची, आणि या गृहस्थांना पाठ बघायची! ते म्हणायचे, "समोरून बाई लोकांसाठी शिवते. मागून ती कशी शिवत होती ते दिसतं." काकू सांगायच्या, "अगं, मंडईत वांगंसुद्धा उलटं करून बघतात. भाजीवाली कंटाळली आता."

आमच्या शैलाताईंच्या गोधडीची पाठ बघून एकदा विचारलं, "इथे टाके मोठे झालेत. घाई होती का?" शैलाताई म्हणाल्या, "हो, पाहुणे आले होते." काका म्हणाले, "हं. कधी गेले तेही दिसतंय. इथून टाके पुन्हा लहान झालेत." शैलाताई, तुम्ही त्या दिवशी किती हसला होतात! कोणी आपला टाका इतका वाचतो, हे आपल्याला माहीतच नव्हतं.

काका कधीही "छान" म्हणाले नाहीत. त्यांच्याकडे दोनच निकाल होते. "हिच्याखाली झोप लागेल." किंवा, "हिच्याखाली झोप लागणार नाही." पहिला निकाल मिळाला की बाई दिवसभर हवेत. शैलाताईंना मिळाला. सुनंदाला मिळाला. गटात नव्याने आलेल्या मुलीलाही मिळाला, पहिल्याच वर्षी!

मला कधीच नाही.

माझी गोधडी, ही बघा, माझ्यामागे टांगली आहे. आईच्या सुती पातळांची. जांभळं, हिरवं, मोरपंखी, चौकोनात चौकोन आणि मधोमध लाल. काही वर्षांपूर्वी ही पहिल्यांदा टांगली तेव्हा सगळे म्हणाले, सगळ्यांत सुंदर हीच. काकांनी लांबून पाहिली. जवळून पाहिली. उलटी करून पाहिली. कोपरे चाचपले. आणि म्हणाले, "हेमाताई, हिच्याखाली झोप लागणार नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, का? टाका चुकलाय? म्हणाले, टाका उत्तम. रंग? म्हणाले, रंग असे बसलेत की एक काढला तर बाकीचे रुसतील. मग, म्हटलं, अडलंय कुठे?

"ही उपाशी आहे."

तुमच्यापैकी काहींना हे माहीत नसेल म्हणून सांगते. गोधडी पूर्ण होताना शेवटचा एक कोपरा उघडा ठेवतात. त्यात पोळीचा किंवा भाकरीचा छोटा तुकडा ठेवायचा आणि मग कोपरा शिवून टाकायचा. त्याला आम्ही घास म्हणतो. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. मी दोरा तोडायला गेले की आई वारज्याच्या घरात ओरडायची, "अगं थांब, तिला घास कुठं दिला हाय अजून?"

पण हॉलचा नियम होता, खाण्याची वस्तू आत आणायची नाही, मुंग्या होतात. म्हणून आम्ही सगळ्याजणी कोपऱ्यात कापडाची घडी भरायचो. बाकीच्या प्रदर्शनानंतर घरी नेऊन घास भरायच्या, आणि काका कोपरे चाचपायला लागले की तसं आधीच सांगून टाकायच्या. मी नाही. माझी गोधडी भिंतीसाठीच होती. मी काकांना तसं म्हटलंसुद्धा, "ही टांगायची आहे, पांघरायची नाही. भिंतीला कुठे भूक लागते?"

काका म्हणाले, "मग भिंतीला कॅलेंडर लावा. स्वस्त पडतं."

झालं. त्या दिवसापासून मी त्यांना चहा विचारणं बंद केलं. पुढच्या प्रदर्शनाला ते थर्मास घेऊन आले. आणि वर मलाच विचारलं, "घेता का अर्धा कप?" आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? तरी मी रागावले. दर वर्षी नवी गोधडी, दर वर्षी तोच निकाल. उत्तम. पण उपाशी. आणि मीही हट्टी, घास भरणार नाही म्हणजे नाही.

यंदा प्रदर्शन झालं आणि दारात काका नव्हते. कोणीच काही उलटं करायला सांगितलं नाही. लोकांनी फोटो काढले, चहा घेतला, गेले. मला पहिल्यांदा वाटलं, आपण हे सगळं कोणासाठी टांगलंय?

मग काकूंचा फोन आला. "हेमा, ह्यांना झोप नाही गं. गोळ्या झाल्या, काढे झाले. दुपारीसुद्धा डोळ्याला डोळा नाही." आता पुण्यातल्या माणसाला दुपारी झोप लागेना म्हणजे प्रकरण गंभीरच. मी ही गोधडी काढली, एक कोपरा उसवला, आणि त्यांच्या घरी गेले. मोठ्या मनाने वगैरे गेले असं समजू नका. मला निकाल हवा होता.

काका खिडकीजवळ पडून होते. फार बारीक झाले होते. मला बघून म्हणाले, "प्रदर्शन घरी आलं का?" मग मी एक टोक धरलं, काकूंनी दुसरं, आणि आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो, कारण लांबून बघायचं होतं. मग जवळ नेली. मग हुकूम सुटला, उलटी करा. त्या एवढ्याशा खोलीत आम्ही दोघींनी गोधडी उलटी करताना औषधाची बाटली पाडली. मग त्यांचा हात कोपऱ्यांवर फिरला. एका कोपऱ्याशी थांबला.

"हे उसवलंय."

मी म्हटलं, "काका, इथे हॉलवाले नाहीत. घास तुम्हीच भरवा."

काकूंनी तव्यावरची पोळी आणली. काकांनी तुकडा तोडला आणि आधी स्वतःच खाल्ला. म्हणाले, "मीठ कमी आहे." काकू म्हणाल्या, "गोधडीची तक्रार नाहीये, तुम्ही गप्प बसा." मग त्यांनी दुसरा तुकडा तोडला. जन्मात सुई न धरलेल्या त्या माणसाने तो घास अगदी जपून कोपऱ्यात सरकवला. मी तिथेच बसून कोपरा शिवला. प्रत्येक टाका त्यांनी बघितला. दोरा तोडला तेव्हा म्हणाले, "हं."

मी गोधडी त्यांच्या अंगावर घातली आणि वाट बघत बसले. शेवटी मीच विचारलं, "काका, आता तरी सांगा. झोप लागेल का?"

उत्तर नाही. मनात म्हटलं, काय हट्टी माणूस आहे!

मग बघितलं, तर काका झोपले होते. तोंड उघडं, आणि चक्क घोरत होते. काकूंनी धावत जाऊन गॅस बंद केला, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून ते घोरणं ऐकत होतो आणि रडत होतो आणि हसत होतो. दिवेलागणीला उठले आणि चहा मागितला.

त्यानंतर ती गोधडी मी परत मागितली नाही. गेल्या आठवड्यात काका गेले, तेव्हाही हीच अंगावर होती. झोपेतच गेले.

मला त्यांची फार आठवण येते. शिवणाऱ्या आम्ही खूप आहोत हो. बघणारा तो एक होता. पुढच्या वर्षी दारातून कोण बघेल? कोण म्हणेल, जरा उलटी करा?

काकूंनी ही गोधडी आजच्यापुरती दिली आहे. सक्त ताकीद आहे, "संध्याकाळी परत आण, मला झोपायचंय." म्हणून आत्ताच एक करूया. शोकसभेत आपण डोळे मिटून उभे राहतो. आज मिटू नका. दोन मिनिटं सगळे उभे राहा, आणि डोळे उघडे ठेवून, लांबूनच, हिच्याकडे बघा. मग एकेक जण जवळ या. उलटी करून बघा. "हात लावू नये" ही पाटी मी सकाळीच काढून ठेवली आहे.

काका, गोधडी जेवली आहे. निवांत झोपा.

चला, उभे राहूया.