गर्जे सरांचं नाव

पाथर्डीहून नगरला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर सुरेखा आणि द्वारका बसल्या होत्या. एकाच शाळेच्या जुन्या खेळाडू, गर्जे सरांच्या सत्काराला निघालेल्या.

“तीस वर्षं पोरींची फुटबॉल टीम सांभाळली, पन कप एकच. उगंच नाव झालंय सरांचं, सुरेखा.”

“व्हय, एकच.”

“तुला तरी काय शिकवलं? दसरा झाला की तू आईबापासंगं ऊसतोडीला.”

“सर तिकडं आलते एकदा, देवळाली प्रवऱ्याला. सकाळचं लई धुकं हुतं. पाचटाच्या कोपीतनं बघितलं, तर फडाच्या कडंला बॉल घेऊन उभे.”

“कशाला?”

“म्हनले, तुझं पासिंग राहिलंय. तोडलेल्या रानात आमी दोघंच खेळलो. मी मारलेला बॉल धुक्यात जायचा, आन् जरा वेळानं अलगद परत यायचा. सर दिसायचेच न्हाईत.”

“पन फायनलला तू नव्हतीस.”

“न्हाई. तोड संपली न्हवती. फायनल तू खेळलीस, द्वारका. कप तू उचललास.”

“व्हय. पन मला त्यातलं काईच आठवत न्हाई गं.”

द्वारका सुरेखाकडे वळली.

“सुरेखा, ते धुक्याचं परत सांग की. सावकाश सांग.”