हवालदार पळीला लाजतो

—नाही मावशी, चावत नाही माझा कुत्रा. आत डॉक्टरांपुढे गुरगुरतोय ते दुखतंय म्हणून. एरवी तुमच्या टोपलीतल्या मांजरीलासुद्धा शेपूट हलवून वाट दिली असती त्यानं. हवालदार. नाव ठेवलं नव्हतं, पडलं. सकाळ-संध्याकाळ गल्लीत गस्त घालतो ना — खांब आला की थांबणार, हुंगणार, पाय वर, सही, पुढे. एक खांब चुकवायचा नाही. आमचे मिस्त्री म्हणतात, ह्याची हजेरी बघा आणि तुमची बघा. सरकू का मी? नको? बसा, बसा. मी एरवी इतका बोलत नाही हो. घरी विचारा कुणालाही. वहिनी म्हणते, भाऊजींनी स्वतःच्या तोंडाला स्वतःच टाके घातलेत, सोफ्याचा दोरा उरला होता म्हणून. मी सोफे शिवतो. गाद्या, खुर्च्यांच्या बैठका. हवालदार मशीनखाली पडून असतो, स्पंजच्या तुकड्यांत, पिल्लू होता तेव्हापासून. त्याच्याशी बोलतो मी. मशीनचा आवाज असतो, कुणाला ऐकू जात नाही. माझं सगळं बोलणं त्याच्याकडेच आहे म्हणा ना.

काय झालंय त्याला? ते — ते सांगतो. तो सारखा उठत होता, बसत होता, खाली चाटत होता. आणला इथं. डॉक्टरांनी पोट दाबायला घेतलं तर ह्यानं अंग असं आवळून घेतलं, लाकूड. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळची आणा, पहिली, जमिनीवरची उचलू नका, धार धरा. काय आणा? ते हो. पाणी. म्हणजे — लघवी. बघा, म्हटलं एकदाचं. तुमच्यासमोर म्हणता आलं, डॉक्टरांसमोर नाही आलं मला, मी सगळा वेळ पाणी-पाणी म्हणत होतो, त्यांना वाटलं मला तहान लागलीय. आणि तो कंपाउंडर, तो चष्मेवाला, त्यानं बाटली हातात दिली आणि इथं, ह्याच बाकावर माणसं बसलेली, सगळ्यांदेखत म्हणाला, नमुना असेल तरच यायचं, नाहीतर डॉक्टरांचा वेळ खायला येऊ नका. मी मान हलवली. मी मान फार पटकन हलवतो, मावशी. तोच तर घोळ आहे.

तर परवा सकाळी वहिनीची लांब दांड्याची पळी घेतली. ती म्हणाली, परत स्वयंपाकघरात दिसली तर पळी आणि तुम्ही, दोघंही बाहेर. निघालो. पहिला खांब. हवालदारानं पाय वर केला, मी पळी पुढे केली — काही नाही. तो तसाच उभा, पाय वर, आणि मान वळवून माझ्याकडे बघतोय. मग पाय खाली. पुढचा खांब — तेच. त्याच्या पुढचा — तेच. वरच्या गॅलरीतून एक जण ओरडला, काय हो, कुत्र्याला वाढताय की वाढून घेताय? सगळी गॅलरी हसली. आणि मला वाटलं — हसू नका हं — मला वाटलं, हा लाजतोय. पळीला लाजतोय. का वाटलं? कारण माझं तसंच आहे. कारखान्याच्या मुतारीत शेजारी कुणी येऊन उभं राहिलं की माझं बंद. कितीही लागलेली असो. तो माणूस जाईपर्यंत मी भिंतीवरचं काहीतरी वाचतोय असं करतो. मग मला वाटलं, माझ्याजवळ वाढलाय, माझंच वळण लागलं असणार त्याला. मी तोंड फिरवलं. शीळ घातली. खांबाच्या मागे लपलो आणि नुसती पळी पुढे काढली. त्याला म्हटलं, मी बघत नाही रे, कर तू. तो पाय वर करून उभा, मावशी, कापत होता त्याचा पाय. कापत होता! आणि मी शीळ घालतोय.

नाही आली. एक थेंब नाही.

मग? मग मी — आमच्या गल्लीत पेपरवाल्या काकांची कुत्री आहे. तिला लाज-बिज काही नाही, रस्त्याच्या मधोमध बसते. ती बसली. माझ्या हातात पळी. मी काय विचार केला सांगू? काहीच केला नाही. पळी धरली, भरली, बाटलीत ओतली, झाकण लावलं. बाटलीवर हवालदार लिहिलेलंच होतं. मनात म्हटलं, एकाच गल्लीतली दोघं, एकाच नळाचं पाणी पितात, असा काय फरक पडणार. म्हटलं, हा आज लाजला, उद्या देईल. पण आज रिकाम्या हातानं गेलो तर तो चष्मेवाला पुन्हा सगळ्यांदेखत — तेवढंच होतं हो डोक्यात. तेवढंच.

डॉक्टरांनी पट्टी बुडवली त्यात. अशी असते पट्टी, चौकोनी ठिपके, डबीवरच्या रंगांशी लावून बघतात. म्हणाले, वा, उत्तम, रक्त नाही, काही नाही. धार कशी आहे? मी म्हणालो, चांगली आहे. म्हणालो मी! कुणाची धार, कुठली धार! म्हणाले, मग कंबरेला लचक भरली असेल, ही पावडर द्या. घरी जाताना मला काय वाटत होतं सांगू — पास झाल्यासारखं. शाळेत मी कधी धड पास झालो नाही, आठवीत सोडलीच. आणि आयुष्यात एकदा डॉक्टर उत्तम म्हणाले, तेही दुसऱ्याचा पेपर बघून.

काल दिवसभर पावडर दिली, फरक नाही. आज सकाळी तो गस्तीला उठला नाही. उलटी केली. मी हातगाडीवर स्पंज टाकला, त्यावर त्याला, आणि ढकलत आणला. प्रत्येक खांबापाशी मान उचलत होता. नुसती मान. आता आत डॉक्टरांनी पोटाला हात लावला तर पहिल्यांदाच दात दाखवले त्यानं, तोंड बांधावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पोट टणक लागतंय, लघवी तर साफ झाली होती ना? आणि मी — हो. मान हलवली. काय करू, हलते ती! म्हणाले, मग पोटात दुसरंच काहीतरी आहे, उलट्यांनी सुकलाय, सलाईन लावून घेऊ, दुपारी एक्स-रेचा फोटो काढणारा येईल तेव्हा फोटो काढू. आणि मला बाहेर बसवलं.

आणि मग हे चित्र दिसलं. तुमच्या डोक्यावर आहे, वळून बघा. कुत्रा आहे, आतून उघडलेला. ती वरची दोन मूत्रपिंडं, त्यातून दोऱ्यासारख्या दोन नळ्या, खाली ती पिशवी. मूत्राशय लिहिलंय. आणि पिशवीतून बाहेर जायला एकच वाट. नराची ती वाट बघा किती लांब आणि किती अरुंद, आणि तिथं बाण केलाय ना लाल — तिथं हाड असतं म्हणे, त्या हाडाच्या खाचेतून जाते. खडा आला की तिथंच अडकतो. बूच बसल्यासारखा. मला वाचायला वेळ लागतो, अक्षर अक्षर जोडत गेलो. खालची ओळ वाचा. पाय वर करून उभा राहतो पण लघवी होत नाही, असं दिसल्यास ताबडतोब सांगा. ताबडतोब शब्दाखाली रेघ मारलीय.

लाजत नव्हता तो, मावशी. मागत होता. पाय वर करून, माझ्याकडे बघून मागत होता, आणि मी तोंड फिरवलं.

आता आत वरून पाणी घालणार ते. सलाईन म्हणजे पाणीच ना? वरून घालत राहणार आणि खालची वाट बंद. मी गाद्या भरतो, मला कळतं. जास्त भरली की गादी वरून छान गच्च दिसते, हात मारला तर टणक लागते. आणि शिवण आत सुटते. आवाजसुद्धा होत नाही.

हो, सांगायला पाहिजे. कळतंय मला, असं बघू नका. डॉक्टर ओरडतील म्हणून नाही — तेही आहे — पण दुसऱ्या कुत्रीचं दिलं, हे तोंडानं कसं म्हणायचं? तुम्ही जाऊन सांगता का? तुमचं शांतपणे ऐकतील. नाही? नाही, बरोबर आहे, तुमचं काय त्यात. मग असं करू, तुम्ही डॉक्टर व्हा. एक मिनिट. मी म्हणतो — डॉक्टरसाहेब, परवाची ती जी बाटली, ती जरा — जरा काय? डॉक्टरसाहेब, ते पाणी — परत पाणी! लघवी. लघवी, लघवी. हा बघा, तो आला, चष्मेवाला, हातात सलाईनची बाटली, थांबा, त्यालाच — अहो! अहो दादा, ऐका ना, ते — ते — प्यायचं पाणी कुठं आहे इथं?

कोपऱ्यात. हो. धन्यवाद.

बघितलंत? बघितलंत ना? आत गेला तो. बाटली घेऊन आत गेला. मी माझ्या हवालदाराला मारतोय, मावशी, इथं बाकावर बसून, पाणी कुठं आहे विचारून. त्याच्यापुढं मी तासन्तास बोलतो आणि त्याच्यासाठी एक वाक्य — सोडा, हात सोडा माझा. नाही, धरलाय मीच तुमचा. उठतो. उठलो. डॉक्टर! डॉक्टर, दार उघडा! ते लावू नका! ती बाटली त्याची नव्हती! कुत्रीची होती, पेपरवाल्यांच्या, मी भरली, मी! ह्याला लघवी झालीच नाही, परवापासून नाही, थेंब नाही, पाय वर करतो आणि नाही होत, त्या चित्रातल्यासारखं! हो, खोटं बोललो. हो. हो, गाढव आहे. तुम्ही नंतर बोला मला काय बोलायचं ते, आधी त्याचं बघा हो. बाहेर? जातो. इथंच दाराशी उभा राहतो.

सुई काढली, मावशी. बारीक नळी मागवली. म्हणाले, खडा मागे ढकलता आला आणि पिशवी फुटली नसेल तर. तर, म्हणाले. आणि परत त्याच्यावर वाकले. खाली स्टीलचा ट्रे ठेवलाय. वाट मोकळी झाली की त्यात धार पडेल.

आता गुरगुरत नाहीये तो. का नाही गुरगुरत? नका, काही बोलू नका. त्या मांजरीला जरा गप्प करा, हात जोडतो. मीही बोलत नाही. ट्रेचा आवाज ऐकायचाय मला.