पहिला दाब पोकळ

वर नाव-पत्ता लिहून दिलेला मी, वय ६१ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी चौतीस वर्षे लिफ्ट दुरुस्ती कारागीर, राहणार गोदामामागील गल्ली, दुसरा मजला, पत्नीसह. आज मंगळवारी सकाळी ९.२० वाजता, कोणी बोलावलेले नसताना, स्वतः होऊन ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की,

माझ्याकडे सत्तावीस वर्षांपूर्वी घेतलेली पांढरी, लहान, चार दरवाजांची गाडी आहे. नंबरच्या शेवटी ४६. माझ्या पत्नीचे थोरले भाऊ, वय ५८, सरकारी रुग्णालयात रुग्णवाहिकेवर चालक, यांच्याकडे तीच गाडी, तोच रंग, नंबरच्या शेवटी ४७. दोन्ही गाड्या आम्ही एकाच दिवशी, एकामागोमाग एक दुकानाबाहेर काढल्या. दोन्हींच्या सीटची कव्हरे माझ्या पत्नीने एकाच निळ्या चौकड्याच्या कापडातून शिवली आहेत. माझ्या या मेहुण्यांना आमच्यात सगळे पायलट म्हणतात, म्हणून पुढे तसेच सांगतो.

अशा गाड्या अजून चालवणारे आम्ही नऊ जण आहोत. नवी परवडत नाही म्हणून नव्हे, निदान सगळ्यांचे तसे नाही. जीव जडला आहे, एवढेच कारण. घरची मुले म्हणतात भंगारात काढा, आम्ही या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडून देतो. दर रविवारी सकाळी साडेसात ते अकरा आम्ही बंद पडलेल्या बर्फ कारखान्याच्या आवारात जमतो आणि एकमेकांच्या गाड्या दुरुस्त करतो.

आमचा एक नियम आहे. आवारात आल्यावर प्रत्येकाने आपल्या गाडीचे दुखणे सगळ्यांसमोर सांगायचे. दुखणे ब्रेकचे किंवा स्टेअरिंगचे असेल तर किल्ली बिस्किटाच्या डब्यात जमा, आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी आवाराबाहेर जाणार नाही. खरे तर किल्ली डब्यात टाकण्याला काही अर्थ नाही, कारण आमच्या गाड्यांची कुलपे इतकी झिजली आहेत की कोणाचीही किल्ली कोणत्याही गाडीला लागते. कोणाची गाडी आड आली तर आम्ही आपापल्याच किल्लीने ती बाजूला घेतो. तरी नियम तो नियम, आणि अकरा वर्षांत तो कोणी मोडलेला नव्हता. तो मीच सुचवला होता.

माझ्या गाडीचा ब्रेक एकोणीस दिवसांपासून खराब होता. पहिला दाब पोकळ जायचा, दुसऱ्याला थोडा आधार मिळायचा आणि तिसऱ्याला गाडी थांबायची. आतला मास्टर सिलिंडर झिजला होता. नवा मागवला होता, पण इतक्या जुन्या गाडीचा भाग लवकर मिळत नाही. मला सवय झाली होती, मी थांबायच्या कितीतरी आधीपासून तीनदा पाय मारायचो. मी लिफ्टचे काम केलेले आहे. ब्रेक म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मधल्या दोन रविवारी मी आवारात काही सांगितले नाही. परवा तिसऱ्या रविवारी दुखणे विचारले तेव्हा मी कार्ब्युरेटर तेवढा सांगितला. माझी किल्ली अकरा वर्षांत एकदाही डब्यात गेली नव्हती आणि मी त्याच्या बढाया मारत आलो होतो. कारण विचाराल तर एवढेच आहे. आज सांगताना लाज वाटते.

कार्ब्युरेटरचे काम आमच्यातले डॉक्टर करतात. त्यांचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान आहे, डॉक्टर हे आम्ही पाडलेले नाव. त्यांची एक खोड आहे. हातात आलेल्या गाडीचे सांगितलेले काम झाले की ते न सांगता आणखी एक बारीकसे काम करून ठेवतात. कधी दाराची बिजागरी, कधी वायपर. ते काम मालकाने आठवडाभरात शोधून काढायचे. सापडले नाही तर पुढच्या रविवारी सगळ्यांचा चहा त्याच्याकडे. रविवारी त्यांनी माझ्या आणि पायलटच्या अशा दोन्ही गाड्यांचे कार्ब्युरेटर साफ केले. दोन्ही गाड्या शेडखाली शेजारी उभ्या होत्या. काम झाल्यावर त्यांनी त्या आवारात फिरवून पाहिल्या आणि परत लावताना जागा बदलल्या. यात त्यांची काही चूक नाही. नंबर बघणे माझे काम होते.

मी १०.३५ वाजता निघालो. जिथे माझी गाडी लावली होती त्या जागेवरच्या गाडीत बसलो. सत्तावीस वर्षे वापरलेली गाडी ओळखू आली नाही हे कोणाला पटणार नाही, पण खरे तेच आहे. इंजिन शांत वाटले, त्याचे श्रेय मी डॉक्टरांना दिले. दुसरा गिअर अडला नाही, तेही डॉक्टरांनाच. फाटकाशी सवयीने ब्रेकवर पाय मारला तर पहिल्याच दाबाला गाडी गचकन थांबली आणि माझे कपाळ काचेला लागता लागता राहिले. मला वाटले, डॉक्टरांना माझ्या ब्रेकचे कळले. त्यांच्या डब्यात कुठला तरी जुना भाग निघाला असेल, तो बसवला, आणि माझी अब्रू जाऊ नये म्हणून चकार शब्द काढला नाही. एकोणीस दिवसांचे ओझे उतरले. त्या रस्त्याने मी खरोखर गुणगुणत गेलो.

१०.४४ च्या सुमारास मी टायरमध्ये हवा भरायला दुकानाशी थांबलो. तेव्हा सीटखाली फोन वाजला. माझा फोन खिशात होता. सीटखालचा फोन पायलटचा होता आणि त्यावर ‘छोटी’ असे आले होते. छोटी म्हणजे माझी पत्नी. मी फोन उचलला. तिने विचारले, दादा, जेवायला इकडेच येतोस ना? मी फोन बंद केला. मग खाली उतरून नंबर पाहिला. ४७.

पायलटचा फोन माझ्या हातात, म्हणजे त्यांना कळवायचा मार्ग नव्हता. मी माझ्या फोनवरून डॉक्टरांना फोन लावला. पायलट निघाले का विचारले. ते म्हणाले, हा काय, फाटकातून बाहेर पडतोय. मी सांगितले की गाड्यांची अदलाबदल झाली. ते हसायला लागले. त्यांनी बाकीच्यांनाही ते सांगितले आणि मला फोनमधून सगळ्यांचे हसणे ऐकू आले. मग डॉक्टरांनी विचारले,

“हाक मारू का त्याला? अजून दिसतोय.”

मी म्हणालो, “नको, असू दे. मी वाटेत गाठतो.”

हे मी का म्हणालो ते आपण विचारले, म्हणून सांगतो. पायलट परत फिरले असते तर आधी आवारातच ब्रेक दाबला असता. तिथे सात माणसे उभी होती. त्यांच्यासमोर पहिला दाब पोकळ गेला असता. मला वाटले, वाटेतल्या पाण्याच्या टाकीजवळ आडव्या गल्लीने त्यांच्या आधी पोचेन, हात दाखवून थांबवेन आणि दोघांतच किल्ल्या बदलून विषय मिटवेन. मी जाणूनबुजून ब्रेकबद्दल सांगितले नाही. फोन ठेवला तेव्हा १०.४५ झाले होते.

पाण्याच्या टाकीपर्यंत रस्ता सपाट आहे. टाकीपासून खाली चौकापर्यंत साधारण तीनशे पावले उतार आहे. पायलट वाटेत ब्रेक फारसा वापरत नाहीत. मागे रुग्ण असतो, त्याला हिसका बसू नये म्हणून लांबूनच वेग कमी करण्याची त्यांना एकतीस वर्षांची सवय आहे. ब्रेक दाबावा लागला म्हणजे चालकाचे लक्ष नव्हते, असे ते म्हणतात. हे मला माहीत होते. उतारापर्यंत त्यांना काही कळणार नाही हे मी गाडी चालवताना स्वतःशी मोठ्याने बोललो.

आडव्या गल्लीत सिमेंटच्या गोण्या उतरवणारा ट्रक उभा होता. मी हॉर्न वाजवला. हमालाने दोन बोटे दाखवली, दोन मिनिटे. मी उतरून त्याला सांगितले की पुढे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. अनोळखी हमालाला मी ते सांगू शकलो. त्याने लगेच ट्रक पुढे घ्यायला लावला. तरी दोन मिनिटे गेलीच. मी टाकीशी पोचलो तेव्हा वरून खाली चौकात लोक धावताना दिसले. वेळ १०.५१.

चौकात माझी गाडी वर्तमानपत्रांच्या स्टॉलमध्ये घुसलेली होती. स्टॉलवाले गृहस्थ खाली पडले होते, त्यांचा उजवा पाय फळ्यांखाली अडकला होता. आम्ही सहा जणांनी फळ्या उचलल्या. ते ओरडत नव्हते, पेपर उडतायत, पेपर उडतायत, असे सारखे म्हणत होते. लोकांनी सांगितले की एक बाई दोन मुलींना घेऊन रस्ता ओलांडत होती, तिला वाचवायला चालकाने गाडी डावीकडे वळवली. पायलट आत स्टेअरिंगवर वाकून बसले होते. शुद्धीवर होते. मला पाहून त्यांनी फक्त मान हलवली. त्यांच्या तीन बरगड्या आणि मनगट मोडले आहे. स्टॉलवाल्यांच्या पायाचे ऑपरेशन झाले, पाय वाचेल असे काल संध्याकाळी सांगण्यात आले.

रविवारी सायंकाळी पायलटचा जबाब रुग्णालयात घेण्यात आला. त्यात त्यांनी ब्रेकऐवजी चुकून ॲक्सिलरेटरवर पाय पडला असे सांगितल्याचे मला काल समजले. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून रुग्णवाहिकेला ओरखडा पडलेला नाही. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे आहेत. कालच त्यांना कामावरून दूर ठेवल्याचे पत्र आले, आणि तो जबाब कायम राहिला तर लायसन्स जाईल व नोकरीही जाईल.

काल दुपारी मी रुग्णालयात गेलो. त्यांना बोलताना धाप लागत होती. आमच्यात झालेले बोलणे असे. ते म्हणाले,

“पहिला दाब पोकळ गेला तेव्हाच कळलं, ही माझी गाडी नव्हे, तुमची. दुसऱ्यांदा दाबायला जागा नव्हती, भावोजी.”

मी विचारले की तुम्ही तसे का सांगितले. ते म्हणाले, चालवत मी होतो. मी म्हणालो, ब्रेक माझा होता. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले की एकाच घरात दोघांना कशाला अडकवायचे, छोटीला काय सांगायचे ते बघा, ब्रेकचे मात्र कोणाजवळ काढू नका. मी पाणी दिले. ते त्यांनी उजव्या हाताने घेतले, डावा प्लास्टरमध्ये होता. मी तिथून निघालो.

घरी आलो तेव्हा माझी पत्नी निळ्या चौकड्याच्या कापडाचा उरलेला तुकडा मांडीवर घेऊन बसली होती. रविवारपासून ती जेवलेली नव्हती. गाड्या कशा बदलल्या एवढेच तिला ठाऊक होते. ती म्हणाली, एकाच कापडाची कव्हरं शिवली, ती माझीच चूक म्हणायची. दादाने तेव्हाच सांगितलं होतं, मला हिरवी कर.

मी तिला ब्रेकचे सांगितले. एकोणीस दिवसांचे सांगितले, डॉक्टरांचा फोन सांगितला, ‘नको, असू दे’ हेही सांगितले. तिने विचारले,

“दादाला माहीत आहे?”

मी हो म्हणालो.

“आणि तरी त्याने तसं सांगितलं?”

मी हो म्हणालो. त्यानंतर ती आत गेली आणि तिने गाडीचे कागद आणि माझे लायसन्स आणून टेबलावर ठेवले. आज सकाळी आठ वाजता ती तयार होऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “चपला घाला.” या क्षणी ती बाहेर बाकावर बसलेली आहे. तिने मला काय सांगायचे हे शिकवलेले नाही.

विचारल्यावरून सांगतो की, माझ्या मेहुण्यांनी दिलेला जबाब खरा नाही. त्यांचा पाय चुकलेला नाही. ब्रेक खराब असल्याचे त्या वेळी माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हते, डॉक्टरांनाही नाही. सिलिंडर मागवल्याची दुकानाची पावती जोडली आहे, तिच्यावरील तारीख पाहावी. गाडी आपल्या ठाण्याच्या आवारात उभी आहे, ब्रेक तपासावा. हा जबाब माझ्याविरुद्ध वापरला जाईल हे मला समजावून सांगितले आणि घरी जाऊन विचार करून या, असेही सांगितले. मी विचार करूनच आलो आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. फोनच्या ठिकाणी लिहून घेणाऱ्या साहेबांनी ‘घाईगडबडीत ब्रेकबद्दल सांगायचे राहून गेले’ असे लिहिले होते. त्यांनी ते माझ्या भल्यासाठी लिहिले हे मला कळते. माझ्या सांगण्यावरून ते खोडून त्या जागी ‘जाणूनबुजून ब्रेकबद्दल सांगितले नाही’ असे केले आहे, आणि खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकीचे मी बोललो तसेच उतरले आहे.