अण्णांनी कपाटात जपलेली डिझाइनं

अरे, परवा माझे हातपाय गार पडले. एमआयडीसीतले चादरीच्या कारखान्याचे मालक, अण्णा, सीपीयू घेऊन सात रस्ता चौकातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले. म्हणाले, "लई स्लो झालाय. विंडोज नवीन टाका."

मी विचारलं, "सी ड्राइव्ह पूर्ण पुसावा लागेल. त्यात कामाचं काही आहे का?"

"न्हाय. दिवाळीच्या नव्या चादरींची समदी डिझाइनं काढून कपाटात ठेवलीत की."

मला वाटलं, पेनड्राइव्हमध्ये घेतली असतील. मी निवांत सगळं पुसलं, विंडोज टाकलं आणि सीपीयू जोडायला कारखान्यात गेलो. अण्णांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि चादरीत गुंडाळलेला मॉनिटर बाहेर आणला.

"अण्णा, हा कपाटात कशाला?"

"डिझाइनं ह्याच्यावरच हायत की. रोज बघतोय मी."

अण्णांनी मॉनिटर जोडला. कोऱ्या स्क्रीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग त्यांनी मॉनिटरला गुंडाळलेली ती चादर उचलली आणि हळूच म्हणाले, "त्यातलं हे एकच डिझाइन विणून झालंय."