खिडकी बंद, पडदा हलतोय

सकाळी साडेसातची वेळ. आमची पुढची खोली. खिडकी बंद, वरची कडी लावलेली, खालची कडी लावलेली. पडदा हलत होता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, पडदाच तो, हलणारच! अहो, पण खिडकी बंद, मग पडदा हलतो कसा? उभा जन्म बातमीदारीत गेला माझा, भल्याभल्या साहेबांना भर सभेत उठून प्रश्न विचारले, एका अधिकाऱ्यानं तर मला बघून पाण्याचा ग्लास उलटा तोंडाला लावला होता... आणि माझ्याच घरात, माझ्याच नाकासमोर, एक पडदा मला उत्तर देत नाही म्हणजे काय!

आणि खरं तुम्हाला सांगतो, प्रश्न पडद्याचा नव्हताच. प्रश्न होता खुर्चीचा. त्या खिडकीशी माझ्या वडिलांची खुर्ची आहे. बाबा बसडेपोत टाइमकीपर होते. नोकरी संपली, पण ड्यूटी काही सुटली नाही. समोरच बसथांबा! सकाळी चहाचा कप घेऊन जे बसतात ते अंधार पडेपर्यंत. आणि बघत नाहीत हं, ऐकतात! डोळे मिटून सांगतात, ‘सतरा नंबरचा क्लच गेलाय.’ ‘हा ड्रायव्हर नवा दिसतोय, गिअरशी भांडतोय बघ.’ खोलीच्या दुसऱ्या टोकाला माझी बायको शिलाई मशीनवर, ती घरीच कपडे शिवते, ती पाय न थांबवता विचारणार, ‘बाबा, मग डेपोत कळवायचं का?’ ‘कळवा सूनबाई, माझं नाव सांगा.’ दिवसभर हा कार्यक्रम! सकाळच्या पहिल्या बसचा ड्रायव्हर तर कोपऱ्यावर वळताना खास बाबांसाठी हॉर्न देतो, पिप्-पिप्! की बाबांचा हात वर. मला एवढ्या वर्षांत कुणी असा हॉर्न दिला नाही, दिला तो रस्त्यातून बाजूला हो म्हणून!

पण थंडी पडली आणि बाबांचा खिडकीकडचा खांदा आखडला. बायको म्हणाली, ‘अहो, त्या खिडकीतून वारं येतंय. एक तर ते बंद करा, नाहीतर खुर्ची आतल्या खोलीत न्या.’ आता आतल्या खोलीतून दिसतं काय? शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचा एक पाइप! बाबा म्हणाले, ‘आत नेलंत तर मी जेवणार नाही.’ ‘बाबा, अहो पण खांदा...’ ‘खांदा माझा आहे!’

झालं! इकडे बाप, तिकडे बायको आणि मधे मी. म्हणून शोधपत्रकारिता सुरू केली... खिडकी बंद, मग पडदा हलतो कसा?

आधी बोलावलं काचवाल्याला. त्यानं काचेवर टकटक केलं, कान लावला, डॉक्टरसारखा चेहरा केला. ‘साहेब, काच एक नंबर. गडबड चौकटीत आहे.’ मग सुतार. त्यानं चौकटीवरून असा हात फिरवला जसा काही घरचा बैल आहे. ‘अशी चौकट आता शोधून मिळायची नाही! भिंत सुटलीय हो तुमची, गवंडी बघा.’ मग गवंडी. त्यानं भिंतीला गुद्दा मारला, माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘भिंतीतून कधी वारं येतं का? वारं खिडकीतून येतं! काचवाल्याला बोलवा.’ मी म्हटलं, वा! हे तर मी सरकारी इमारतीत जन्मभर पाहत आलो. या टेबलाकडून त्या टेबलाकडं, त्या टेबलाकडून साहेबांकडं, साहेब दौऱ्यावर! पण निदान तिथं पंखा तरी असायचा, वारं कुठून येतंय ते कळायचं!

शेवटी मीच मेणबत्ती घेतली. सोपं असतं ते. वाऱ्याच्या दिवशी पेटती मेणबत्ती खिडकीच्या कडेकडेनं हळूहळू फिरवायची. काचेपाशी ज्योत सरळ उभी. वरच्या कोपऱ्यात जरा मान हलवली. आणि खालच्या कोपऱ्यात... अहो, आडवीच पडली! चौकट आणि उघडायचा पल्ला यांच्यामध्ये फट! चौकट आणि भिंत यांच्यामध्येही फट! म्हणजे सुतार खोटा, गवंडी खोटा, आणि काचवाला... त्याचं नंतर सांगतो. मी आनंदानं ओरडलो, ‘सापडला! चोर सापडला!’ आणि मागे वळलो, तर पडद्याची खालची कड पेटलेली.

बायकोनं तांब्याभर पाणी ओतलं. पडद्यावर कमी, माझ्यावर जास्त. म्हणाली, ‘छान! आता पडदाच राहणार नाही, मग हलेल काय?’

पण बघा हं, चांगल्या कामाची सुरुवात अशीच होते. तिनं तो पडदा काढला, आपली मोठी कात्री आणली. त्या कात्रीला घरात कुणी हात लावत नाही, मी एकदा वर्तमानपत्राचं कात्रण कापायला घेतली होती, दोन दिवस माझ्याशी फक्त मुलीमार्फत बोलणं चालू होतं! तर त्या कात्रीनं सर्रकन, मोजपट्टी न लावता, एका रेषेत जळका भाग कापला. पडदा आखूड झाला, आणि खोली ऊबदार! का? अहो, कारण आमचा हीटर खिडकीखाली, आणि इतकी वर्षं तो लांब पडदा हीटरवरून थेट जमिनीपर्यंत! म्हणजे सगळी ऊब पडद्यामागून वर, वरून काचेला, काचेतून बाहेर. आम्ही अख्खे हिवाळे रस्ता शेकत होतो! बसथांब्यावरची माणसं एवढ्या थंडीत टोपी का काढायची, ते मला आत्ता कळलं!

मग मी झपाटलोच. भिंतीकडची फट सिलिकॉननं भरली. पल्ल्याला चारी बाजूंनी रबरी पट्टी चिकटवली. पट्टी कापायला कात्री मागितली, तर बायकोनं भाजीची सुरी दिली. त्यामुळे माझी पट्टी जिथं जिथं कापली तिथं तिथं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते, पण बसली घट्ट! मेणबत्ती फिरवली, यावेळी पडदा काढून. ज्योत चारी कोपऱ्यांत ताठ. छाती फुगवून पडदा लावला.

पडदा हलला.

अगदी थोडा. पण हलला! आता मला सांगा, फटी बुजवल्या, खिडकी बंद, मग पडदा हलतो कसा? मी खुर्ची टाकून बसलो. वाचलं, विचारलं, काचेला गाल लावून पाहिला, बायको म्हणाली, ‘आता यांनाच आतल्या खोलीत न्या.’ आणि उत्तर काय मिळालं? ते वारं बाहेरचं नव्हतंच! घरातलंच! एकपदरी काच बर्फासारखी गार. खोलीतली ऊबदार हवा तिला टेकते, गार होते, जड होते आणि काचेवरून घसरत खाली येते... ती थेट बाबांच्या खांद्यावर! आपलीच हवा, आपल्याच घरात फितूर! म्हणून म्हटलं काचवाल्याचं नंतर सांगतो. मग त्यालाच बोलावून पल्ल्याला दुहेरी काच घातली. दोन काचांच्या मध्ये हवा कोंडलेली. ती हवा जागची हलत नाही, म्हणून पांघरुणाचं काम करते. आतली काच हाताला गार लागेना. पडदा एकदम सावधान! बायको म्हणाली, ‘जमलं हो तुम्हाला.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं!

आणि घर गप्प झालं.

मशीनवरून बायको विचारते, ‘बाबा, सतरा आली का?’ ‘आली असेल.’ ‘उशिरा आली?’ ‘काय माहीत, सूनबाई. चित्रासारखी येते, चित्रासारखी जाते.’ मशीनचा तेवढा आवाज, आणि मग तोही थांबून थांबून. सकाळी पहिली बस वळली, ड्रायव्हर खिडकीकडे बघत होता, म्हणजे हॉर्न दिलाच असणार. बाबा डोळे मिटून बसलेले. हात वर गेला नाही. बायको सुई ओवत होती, तिनं ते पाहिलं. मीही पाहिलं. पण मी काय करणार? खिडकी उत्तम होती! तक्रारीला जागाच नव्हती, आणि तक्रारीला जागा नसली की मला काही सुचत नाही.

परवा सकाळी, साडेसातलाच, मी पेपर वाचतोय. पिप्-पिप्! बाबांचा हात वर. ‘सूनबाई, पहिल्या बसचा सायलेन्सर फाटलाय!’ ‘मग कळवायचं का, बाबा?’ मी वर पाहिलं... पडदा हलत होता.

धावलो. वरची कडी लावलेली, खालची लावलेली. खालच्या कोपऱ्यात, बाबांच्या कानाच्या बरोब्बर उंचीवर, बोटभर रबरी पट्टी गायब! आणि बाबांच्या खांद्यावर जुन्या ब्लँकेटची, आत कापूस भरलेली, बटणं लावलेली नवीकोरी झूल.

मी घरात चौकशी सुरू केली. बाबा म्हणाले, ‘मी कशाला कापू? माझे हात बघ, मला स्वतःची नखं कापता येत नाहीत.’ मुलगी म्हणाली, ‘मला काय विचारता, मी कॉलेजात होते.’ बायकोला विचारलं, तर ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, ‘खिडकी बंद आहे ना?’

‘बंद आहे.’

‘बाबांचा खांदा दुखतोय का?’

‘नाही.’

‘मग?’

मग काय! मोठमोठ्यांना घाम फोडणारा माणूस मी, पेपर उचलला. पण नोंद म्हणून सांगून ठेवतो. ती रबरी पट्टी फटीच्या दोन्ही टोकांना कापलीय... सर्रकन, मोजपट्टी न लावता, एका रेषेत.