प्राचीचा कवडसा

न्हावऱ्याच्या एसटीत पुढच्या बाकावरचे दोन म्हातारे बोलत होते. सुफिया खिडकीबाहेर बघत होती, कान मात्र तिकडंच होते.

"ज्ञानदेव, तुझी प्राची पुण्यात करती तरी काय?"

"लेसरचा हिरवा उजेड आभाळात सोडती, कासमभाई. ढगाला धडकून माघारी येतो, त्यावरनं ढगाची उंची कळती."

"आन् ढगच नसला तर?"

"धूळ आसतीच की! कवडशात कशी नाचती? तशी वर नाचती, आन् वारं कसं घुसळतंय ते कळतं."

"ह्याला नोकरी म्हणायचं?"

"तिची आय बी आसंच म्हणायची. ल्हानपणी पत्र्याच्या भोकातनं कवडसा पडला की पोरगी तिथंच बसायची. आय वरडायची, धूळ बघू नगं, झाड!"

"आन् आता?"

"उद्या लेक यायचीय. सारं घर झाडलंय तिच्या आयनं, भोकाखालचा कोपरा तेवढा तसाच ठेवलाय."